मालक असेल तो बसेल

याकूब होडेकर या माणसापायी मी जितका उभा राहिलोय, तितका शाळेत वर्गाबाहेरही राहिलो नसेन. हा माणूस बसायचाच नाही. साठीकडे झुकलेला माणूस भर उन्हात उभा आणि आपण खुर्चीत पसरायचं, हे आमच्या नाशिकच्या वळणात बसत नाही. मग आपणही उभे. बरं, नुसते उभे तरी? छे. ते चालत बोलायचे. त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे तर यार्डाला दोन फेऱ्या मारायची तयारी हवी. चहासुद्धा चालताना. पेल्यातला निम्मा चहा वाळूत सांडायचा आणि उरलेला पोटात जायचा.

रियाधच्या आग्नेयेला अल सुलै नावाचा भाग आहे. गोदामं, गॅरेजं, ट्रकांच्या रांगा आणि या सगळ्यावर बसलेली पिवळी धूळ. तिथे एका गोदामाचा मी इन्चार्ज होतो. याकूबभाईंचं यार्ड आमच्या मागच्या गल्लीत. धंदा पॅलेटचा. पॅलेट म्हणजे माल ठेवायची लाकडी चौकट, जिच्या पोटात फोर्कलिफ्टचे दोन हात घुसतात. मोडक्या पॅलेट घ्यायच्या, फळ्या सोडवायच्या, चांगल्या निवडायच्या, परत ठोकायच्या आणि विकायच्या. घराणं दाभोळच्या खाडीकाठचं, होड्या बांधणाऱ्यांचं. फळी हातात घेतली की आधी नाकाशी न्यायची, मग बोटाने टकटक करायची, मग बाजूला फेकायची किंवा ठेवायची.

यार्डाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती. तिथे गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या होत्या. स्वतःसाठी एकही नाही.

"तुम्ही बसा साहेब," असं म्हणून ते दाराशी उभे राहायचे, एक टाच सतत जमिनीवर आपटत.

"आणि तुम्ही?"

"मालक असेल तो बसेल."

ही त्यांची ठरलेली म्हण. आम्हाला वाटायचं, कामसू माणसाचा बाणेदारपणा आहे. भाभी, म्हणजे त्यांच्या बायको जुलेखाभाभी, एकदा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. पापलेटचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढता वाढता म्हणाल्या, "याना कुणीतरी बसवा ओ. घरात पण असंच. नमाजला बसतात तेवढंच." यावर याकूबभाई स्वयंपाकघराच्या दारातून, हातात ताट घेऊन उभ्या उभ्या म्हणाले, "अल्ला दिवसातून पाचदा बसवतो. पुरे की."

माझी त्यांची ओळखच भांडणातून झाली. नवीन पॅलेट हव्या होत्या म्हणून मी त्यांना बोलावलं. हा गृहस्थ ऑफिसात न येता तडक गोदामाच्या मागे गेला, जिथे आम्ही मोडका माल फेकायचो. मी तिकडे पोचलो तर हे आमच्या कचऱ्यात उतरलेले.

"इथे काय करताय?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमाला नवीन माल कशाला हवा? ह्यातलं निम्मं जिवंत हाय," ते फळी वर काढत म्हणाले. "तुमची माणसं फोर्कलिफ्ट आडवी घालतात. एकच फळी मोडते आणि तुम्ही अख्खी पॅलेट फेकता. ती फळी मी बदलून देतो."

"मग तुमचा धंदा काय राहिला?"

"हाच तर धंदा."

नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं, धंदा सुरू करणाऱ्याने समोरचा काय विकत घेतो ते बघत बसू नये. ते सगळ्या जगाला दिसतं. तो काय फेकतो ते बघावं. मी हे ऐकलं तेव्हा टाच आपटायचा आवाज चालूच होता, त्यामुळे उपदेशाचं गांभीर्य काही राहिलं नाही.

आमच्या रियाधच्या मराठी मंडळींत दर शुक्रवारी कुणाला ना कुणाला धंद्याची उबळ यायची. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, मुलं इंग्रजीतून उत्तरं देतात, पुण्यातल्या फ्लॅटला भाडेकरू मिळत नाही. मग आपलं काहीतरी असावं असं वाटायला लागतं. अशा सगळ्यांना मी याकूबभाईंकडे न्यायचो. त्यात एक सबनीस. पेट्रोकेमिकलमधला इंजिनीअर, पुण्याचा. त्याला मिसळीचं हॉटेल काढायचं होतं. लॅपटॉपवर रंगीत तक्ते, नाव ठरलेलं, भिंतींचा रंग ठरलेला.

याकूबभाईंनी तक्ते पाहिले. म्हणजे चालता चालता पाहिले, सबनीस लॅपटॉप उघडा धरून मागे मागे.

"सकाळी शटर कोण उघडणार?" त्यांनी विचारलं.

"माणूस ठेवू ना."

"मंग हॉटेल त्या माणसाचं. तुमचं काय, फक्त काळजी."

"असं कसं?"

"असंच असतं. आचारी रुसला तर रस्सा कोण करणार? तुमाला येतो?" सबनीसला चहासुद्धा येत नव्हता. "आधी चार महिने दुसऱ्याच्या हॉटेलात उभे ऱ्हावा. ज्या दुपारी एक पण गिऱ्हाईक आलं नाय आणि तरी तुमी पळून गेला नाय, त्या दुपारी मला फोन करा. आणि ऐका, घरच्यांनी चांगलं म्हटलं तर मोजायचं नाय. घरचे चांगलंच म्हणतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आला तर मोजायचं."

सबनीस चिडला. पुणेरी माणूस चिडला की नेमकं वर्मावर बोलतो. म्हणाला, "शटर उघडेल त्याचा धंदा, असं ना? मग तुमच्या यार्डाचं काय? शटर तुम्ही उघडता आणि बोर्डावर नाव कुणाचं आहे?"

याकूबभाईंनी पाठ फिरवली. पकड उचलली आणि यार्डाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन एका पॅलेटचे खिळे उपटायला लागले. मला सबनीसच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी ती म्हणही मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. मालक असेल तो बसेल. अरे, हा माणूस तर सरळ सांगत होता इतकी वर्षं.

यार्ड अबू नासेर यांच्या नावावर होतं. ते याकूबभाईंचे कफील, म्हणजे ज्यांच्या जबाबदारीवर त्यांचा इकामा, तिथे राहायचा परवाना. याकूबभाई तरुणपणी सुतार म्हणून आले, तेव्हा अबू नासेर यांची एक जागा ओसाड पडली होती. त्यांनी ती दाखवून सांगितलं, तू चालव. कागद माझा, घाम तुझा, बरकत दोघांची. झालं. एवढ्या शब्दांवर सगळं उभं राहिलं. ना करार, ना साक्षीदार. ही पद्धत तिथल्या कायद्यात बसत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच ती चालवत होते. इतक्या वर्षांत दोघांमध्ये एकदाही चढा शब्द गेला नाही. पण उद्या म्हाताऱ्याचं काही झालं तर? तर यार्ड, लाकूड, गिऱ्हाइकं, सगळं मुलांचं, आणि याकूबभाई रिकाम्या हाताने दाभोळला. या भीतीला ते नाव द्यायचे नाहीत. नुसती टाच आपटायचे.

आणि सारखं काहीतरी नवीन काढायचे. एकदा मधाच्या बाटल्या, एकदा उंटाच्या गाद्या. सगळ्यात गाजलं ते खजुराच्या पेट्यांचं प्रकरण. हुफूफच्या एका व्यापाऱ्याशी ठरवलं की पॅलेटच्या लाकडाच्या देखण्या पेट्या करून द्यायच्या. केल्या पण काय सुंदर. रंधा मारलेल्या, कोपरे बेमालूम जुळवलेले. पाठवल्या. थोड्या दिवसांत सगळ्या खजुरासकट परत. मी एक खजूर तोंडात टाकला आणि थुंकला. कपडे धुवायच्या पावडरचा वास. त्या पॅलेटवर आधी साबणाच्या पावडरची पोती होती.

"वास घेतला नव्हता?" मी विचारलं. जे नाक आयुष्यभर फळीला लावत आले, ते नेमकं त्या दिवशी कुठे होतं?

"घाई होती," ते म्हणाले. "मला कायतरी माझं लवकर हवं होतं ना. घाई झाली की नाक बंद होतं." मग फळीवर हात फिरवत म्हणाले, "लाकूड इसरत नाय साहेब." हुफूफला ते स्वतः गेले, व्यापाऱ्याची माफी मागून आले आणि तो नाद सोडला. नाद सोडला म्हणजे आठवड्यात दुसरा धरला.

मग सरकारने मुदत जाहीर केली. दुसऱ्याच्या नावावर धंदा चालवणाऱ्यांनी आपण होऊन पुढे यावं, दोघांनी मिळून कागद नीट करावेत, धंदा बाहेरच्या देशातल्या माणसाच्या नावावरही करता येईल, जुनं कुणी उकरणार नाही. मुदत संपली की मात्र खलास. दंड, तुरुंग, परत पाठवणी.

मला वाटलं, हा माणूस त्याच संध्याकाळी धावत जाईल. सही करायची फक्त अबू नासेर यांनी. सोन्यासारखा माणूस, नाही कशाला म्हणेल? पण याकूबभाई काही विचारीनात. भंगारवाल्याशी खिळ्याखिळ्यासाठी घासाघीस करणारा, सबनीसला तोंडावर उभा आडवा घेणारा माणूस, इथे तोंड उघडेना.

"काय सांगू त्यांना?" ते माझ्यावरच डाफरले. "तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाय, कागद द्या? ज्या माणसानं शब्दावर जागा दिली त्याच्याकडं मी कागद मागू?"

"अहो, कायदाच म्हणतोय."

"कायद्याला काय जातंय म्हणायला."

दर गुरुवारी संध्याकाळी ते अबू नासेर यांच्या मजलिशीत जायचे. शहराबाहेर त्यांची खजुराची बाग, तिथे एक लांबलचक दालन, भिंतीला लागून बैठका. मी अधूनमधून सोबत असायचो. तिथली कहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, प्यायची रीत याकूबभाईंनीच मला शिकवली होती. फिंजान, म्हणजे बिनकानाची चिमुकली वाटी, उजव्या हातात घ्यायची. पुरे झालं की जराशी हलवायची, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. आणि एक गोष्ट कधीही चुकून करायची नाही. भरलेली फिंजान न पिता समोर ठेवायची नाही.

"का?"

"त्याचा अर्थ, मी काहीतरी मागायला आलोय. मंग यजमान बोलतो, पी, तुझं काम झालं. काय काम ते न विचारता बोलतो. आणि नाय बोलला, तर पाहुण्यानं न पिता उठायचं. परत त्या घरात पाय नाय ठेवायचा."

मुदत जाहीर झाल्यापासून दर गुरुवारी ते ठरवून जायचे की आज फिंजान खाली ठेवायची. आणि दर गुरुवारी कहवा एका घोटात संपवून यायचे. "हातानं पिऊन टाकली," परतीच्या वाटेवर सांगायचे. "मी ठेवणारच होतो. हातानं पिऊन टाकली." जसा काही हात शेजाऱ्याचा होता. मुदत एकदा वाढली. तीही सरत आली. यार्डातल्या त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की त्यांच्याकडचे बंगाली सुतार त्यांना वाट देऊन देऊन दमायला लागले. झोप उडाली, वजन उतरलं. भाभी मला फोन करून रडायच्या.

त्यात दुसरंच घडलं. अबू नासेर विसरायला लागले. आधी नावं. मग माणसं. एका गुरुवारी त्यांनी याकूबभाईंना विचारलं, "तू कुणाकडून आलास?" याकूबभाईंनी हसून उत्तर दिलं आणि बाहेर येऊन गाडीच्या टपावर डोकं टेकवून उभे राहिले.  माझ्या मनात एकच, आता सही कोण करणार? नंतर कळलं की कारभाराचा अधिकार थोरल्या मुलाकडे, नासेरकडे गेलाय. नासेर म्हणजे परदेशात शिकलेला, सतत फोनमध्ये डोळे. मजलिशीत बसायचा, पण कधी याकूबभाईंशी धड बोलला नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्याला केव्हाच हिशेबी ठरवून टाकलं होतं.

मुदतीच्या शेवटच्या गुरुवारी याकूबभाई मला म्हणाले, "साहेब, तुम्ही चला. गाडी पण तुम्हीच चालवा. मी चालवली तर वाटेतून परत फिरीन."

वाटभर त्यांची टाच गाडीच्या पायपुसण्यावर आपटत होती. मी दोनदा सांगितलं, अहो थांबा जरा. ऐकलं असेल तर शपथ.

मजलिशीत नेहमीची माणसं होती. अबू नासेर मधल्या जागी, खांद्यावर शाल. पलीकडे नासेर, हातात फोन. कहवा आला. याकूबभाईंनी उजव्या हातात फिंजान घेतली. तोंडाजवळ नेली. मी मनात म्हटलं, गेली ही पण. आणि त्यांनी ती खाली, गालिच्यावर ठेवली.

गप्पा थांबल्या. सगळे अबू नासेर यांच्याकडे बघायला लागले. म्हातारा शालीच्या टोकाशी खेळत होता. त्याने फिंजानीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, छान हसला आणि परत शालीशी खेळायला लागला.

 याकूबभाई मांडी घालून बसले होते, दोन्ही हात मांडीवर, टाच हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी या माणसाला असा कधी पाहिला नव्हता. कहव्यावरची वाफ विरली. कुणीतरी खाकरलं. आता ते न पिता उठतील आणि सगळं संपेल, या भीतीने मी त्यांच्या कोपराला हात लावला. ते उठले नाहीत.

नासेरने फोन पालथा ठेवला. उठला, वडिलांच्या शेजारी येऊन बसला, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "पी, चाचा. अब्शिर. तुझं काम झालं."

याकूबभाईंनी थंडगार कहवा प्यायला. थोडा दाढीवर सांडला. मग ते अडखळत अरबीत यार्डाचं सांगायला लागले, तर नासेरने त्यांना थांबवलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मुदत आली त्या दिवसापासून बाबा वाट बघत होते. दर गुरुवारी तू गेलास की म्हणायचे, आज पण ठेवली नाही. मी म्हटलं, तुम्हीच बोला ना त्याच्याशी. तर म्हणाले, मी कसा बोलू? त्याला वाटेल मी हात झटकतोय. इतक्या वर्षांनी त्याला घराबाहेर काढतोय. मागू दे त्याला. त्याचा हक्क आहे."

याकूबभाई रडले. तोंड न लपवता रडले. दोन माणसं, एकमेकांचा मान राखता राखता सगळं घालवायला निघाली होती. चिडावं की पाया पडावं, मला कळेना.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि मुदतीच्या आत नासेरने कचेऱ्यांमध्ये सगळं धावून केलं. माझा त्याच्याबद्दलचा अंदाज साफ चुकला होता. यार्ड याकूब होडेकर यांच्या नावावर झालं. बोर्ड मात्र त्यांनी बदलला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक त्या नावानं येतं. आणि कागदावरचं माझं नाव मला वाचायला येतं की."

एक केलं मात्र. खुर्ची केली. स्वतःसाठी. जुन्या पॅलेटमधलं उत्तम लाकूड निवडून, होडीच्या काठासारखे गोलाई दिलेले हात लावून, रंधा मारून मारून गुळगुळीत केलेली. या वेळी वास घेऊन. खोलीच्या दाराशी मांडली. आणि तिच्यावर बसले का? नाव नको. तिच्याभोवतीच फेऱ्या. "बसवत नाय ओ," मला म्हणाले. "सवय नाय. बसलो की वाटतं कुणीतरी येऊन उठवेल."

मी रियाध सोडलं त्या आठवड्यात निरोप घ्यायला गेलो. यार्डाशी नासेरची गाडी उभी होती. तो अधूनमधून वडिलांना इथे आणायचा, लाकडाच्या वासाने म्हातारा शांत होतो म्हणाला. अबू नासेर त्या नव्या खुर्चीत बसले होते, तिच्या हातांवरून बोटं फिरवत. याकूबभाई शेजारी उभे, टाच चालू.

म्हाताऱ्याने यार्डाकडे पाहिलं. फळ्यांच्या थप्प्या, ठोकाठोक करणारे सुतार, दारात लागलेला ट्रक. मग त्याने याकूबभाईंना विचारलं, "हे सगळं कुणाचं?"

याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं, नासेरकडे पाहिलं. वर बोर्डाकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, तुमचंच.

"माझं," ते म्हणाले.

"मबरूक," म्हातारा खूश होऊन म्हणाला. मग त्याने त्यांना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "मालक आहेस ना? मग उभा का? बस."

खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तो स्वतः होता. याकूबभाई त्याच्या पायाशी पडलेल्या पॅलेटवर बसले. मी हात हलवून निघालो. फाटकापाशी गाडी वळवताना आरशात पाहिलं, तेव्हाही ते बसलेलेच होते.